गोल गावातल्या नलूकाकू

गावातून कुणाचीही गाडी बाहेर निघाली की नलूकाकू तिच्यात असायच्या. गाडी कुठं चालली आहे हे त्या विचारतही नसत. सकाळीच इस्त्रीची साडी, वर लोकरीचा कोट, अंबाड्यावर जाळी, पायात बंद बूट आणि शेजारी पर्स अशा जय्यत तयारीनं त्या मोठ्या दाराशी बाकावर मटार सोलत बसायच्या. समोरच्या एखाद्या शेतकऱ्यानं गाडी सुरू केली की मटाराचं पातेलं आत जायचं आणि काकू गाडीपाशी हजर. "मी येते हं," एवढंच जर्मनमधून म्हणायचं आणि पुढच्या सीटवर बसून पट्टा लावायचा. बिचारा शेतकरी नाही कसं म्हणणार?

अशा रीतीनं काकू कुठं कुठं जाऊन आल्या होत्या! पोट फुगलेल्या मेंढीला मांडीशी धरून गुरांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. बटाटे काढायच्या यंत्रांच्या प्रदर्शनाला गेल्या होत्या आणि तिथून एक टोपी फुकट घेऊन आल्या होत्या. एकदा तर कुणा अनोळखी माणसाच्या अंत्यविधीला जाऊन बसल्या. मी म्हटलं, "काकू, अहो, कोण गेलं होतं तेसुद्धा तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं. पण नंतर दिलेला केक फार छान होता गं. आणि मला रडूही आलं. बऱ्याच दिवसांचं साचलं होतं, त्या बिचाऱ्याच्या नावावर खपून गेलं."

हे त्या हसत हसत सांगायच्या आणि मला हसू यायचं. घरी परतताना गाडीत मात्र ते हसू टिकायचं नाही. काकूंना तिथून सुटायचं होतं. दुसरं काही नाही, त्या गावातून, त्या घरातून बाहेर पडून हॅनोव्हरला परत यायचं होतं. हे त्या गावातल्या कोंबड्यांनासुद्धा माहीत होतं.

मी नोकरीसाठी हॅनोव्हरला आले तेव्हा पळसुले काका-काकू माझ्या खालच्या मजल्यावर राहायचे. आल्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. दारात ठेंगणी, गोरी, ठसठशीत कुंकू लावलेली बाई. "पोळ्या येतात का तुला?" मी म्हटलं, येतात की. "खोटं बोलतेयस. चल जेवायला." झालं, त्या दिवसापासून मी त्यांच्या घरची झाले. काकू पुण्याच्या, लक्ष्मी रोडच्या मागच्या बोळातल्या. आवाजाशिवाय त्यांना झोप लागत नसे. हॅनोव्हरमध्येसुद्धा त्यांनी आपली पेठ उभी केली होती. तुर्की भाजीवाल्याशी त्या कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालायच्या, आणि तो हरल्यावर त्याच्या बायकोची चौकशी करायच्या. गणपतीत मराठी मंडळाचे मोदक त्यांच्या देखरेखीखाली व्हायचे. त्या वेळी स्वयंपाकघरात कुणाची मान वर करायची टाप नसे. त्यांचं जर्मन बाजारात शिकलेलं होतं. व्याकरणाच्या नावानं बोंब, पण समोरच्याला उत्तर सुचायच्या आत यांचं वाक्य संपलेलं असायचं.

आणि काका? काका म्हणजे अबोल, उंच, यंत्रांचे इंजिनिअर. वडील रेल्वेत, त्यामुळे भुसावळ, मनमाड, दौंड, पुन्हा भुसावळ असं बालपण रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये गेलेलं. मराठी माणसाला कुणीही पहिल्या भेटीत विचारतो, "तुमचं गाव कुठलं?" या प्रश्नाला काकांकडे आयुष्यभर उत्तर नव्हतं. ते म्हणायचे, "आम्हाला गाव नाही." असं म्हणताना ते समोरच्याकडे बघत नसत. मला वाटायचं, एवढं काय त्यात! पण माणसाला कुठली गोष्ट सलत राहील ते सांगता येत नाही.

तर निवृत्त झाल्यावर काकांनी गाव घेतलं. घर घेतलं म्हणायला हवं, पण ते स्वतः तसं म्हणत नसत.

हॅनोव्हरपासून गाडीनं दोन तासांच्या अंतरावर, सपाट शेतांच्या आणि पाईनच्या काळपट रानांच्या मधे ही वाडी आहे. वाडीच म्हणायची, वीस-बावीस डोकी. तिचा आकार गोल. मधे ओकची जुनी झाडं असलेलं गवताचं अंगण, आणि त्याच्याभोवती सगळी घरं कडं करून, तोंड आत करून बसलेली. आत यायला एकच रस्ता, आणि बाहेर जायलाही तोच. घरांच्या मागे परसबाग, मग ओलसर कुरण, मग बटाट्याची शेतं, आणि त्यापुढं काही नाही. शेकडो वर्षांपूर्वी ज्या लोकांनी ही वाडी वसवली त्यांनी ती अशी गोल का केली याबद्दल विद्वानांत एकमत नाही. काका त्यावर तासभर बोलू शकायचे. काकूंचं मत एका वाक्यात होतं. "अगं, ही पंगत आहे. सगळे समोरासमोर पानं मांडून बसलेत आणि वाढायला कुणी येतच नाही."

घर मात्र देखणं होतं, खोटं कशाला बोलू? लाकडी चौकटींत विटा भरलेली उंच दर्शनी भिंत, मधोमध गवताची गाडी आत जाईल एवढं कमानीचं दार. आत लांबच लांब दालन, दगडगोट्यांची जमीन. पूर्वी याच छपराखाली एका टोकाला माणसं आणि दोन्ही अंगांना गुरं राहायची. दारावरच्या तुळईवर हे घर ज्यांनी बांधलं त्या नवराबायकोची नावं कोरलेली, आणि खाली देवाचं एक वचन. काका ती अक्षरं दर वसंतात मऊ ब्रशनं साफ करायचे, रंग भरायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला शिडीपाशी उभं करून म्हणाले, "बघ, बायकोचंही नाव आहे." काकू आतून ओरडल्या, "त्या बाईला विचारून कोरलं होतं का, ते विचार त्यांना!"

काकूंना विचारलं होतं का? काका म्हणायचे, विचारलं होतं. काकू म्हणायच्या, दाखवलं होतं. मे महिन्यात नेऊन दाखवलं होतं. चेस्टनट फुललेले, मोहरी पिवळीधमक, छपरावर करकोच्यांचं घरटं. "मे महिन्यात कुणीही फसेल गं. मला नोव्हेंबरात न्यायला हवं होतं." नोव्हेंबरात तिथं धुकं उतरतं ते दुपारपर्यंत हलत नाही. समोरचं घर दिसेनासं होतं. काकू अशा वेळी रेडिओ मोठ्यानं लावायच्या, वाहतुकीच्या बातम्यांचा. कुठल्या महामार्गावर किती गर्दी झालीय ते ऐकायला त्यांना बरं वाटायचं.

गाडी त्यांना चालवता येत नसे. लहानपणापासून एक डोळा अधू. बस होती, पण ती शाळेच्या मुलांसाठी. सकाळी एकदा जायची, दुपारी एकदा यायची. बाकी कुठं जायचं तर काकांनी न्यायचं, आणि काका कायम शिडीवर.

स्वयंपाकघर अंधारं होतं. दिवसासुद्धा दिवा लावल्याशिवाय मीठ कुठलं नि साखर कुठली ते कळायचं नाही. काकूंनी म्हटलं, मागच्या भिंतीला एक खिडकी पाडू, हातभर. त्यावर काकांचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्याच बरगडीत खिडकी पाडायची आहे. पण म्हणाले, अर्ज करू. कारण घर वारशात नोंदलेलं. देंकमालशुत्झ नावाचं खातं आहे, त्याला विचारल्याशिवाय खिळासुद्धा ठोकता येत नाही. एक तरुण अधिकारी आला. फार सभ्य. भिंतीवरून हात फिरवून हळहळत म्हणाला, "बाई, या भिंतीला दोनशे वर्षांत कधीच खिडकी नव्हती."

काकूंनी आपल्या खणखणीत जर्मनमधून विचारलं, "म्हणजे दोनशे वर्षं इथं बायका अंधारात स्वयंपाक करत होत्या. हा वारसा मीच का चालवू?"

अधिकारी हसला. काकूंनी केलेला चहा प्यायला, चकली खाल्ली, आणखी एक मागून घेतली. खिडकी काही दिली नाही. त्या दिवशी मी तिथंच होते आणि मला काकांचा इतका राग आला की मी जेवताना त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसेल म्हणा. ते भिंतीकडे बघत जेवत होते, सुखानं.

त्यांचा मुलगा उंटरश्लाइसहाइमला, म्युनिकजवळ. सॉफ्टवेअरमधली मोठी नोकरी, बायको, दोन मुली. फोनवर म्हणायचा, "आई, मी काय करू सांग. बाबांना सांगायला जावं तर ते ऐकत नाहीत." मुली वर्षातून एकदा यायच्या. काकू मराठीत विचारणार, त्या जर्मनमध्ये उत्तर देणार. शाळेत धाकटीनं सांगितलं होतं म्हणे, की माझी आजी म्यूझियममध्ये राहते. काकूंनी हे मला मोठ्या कौतुकानं सांगितलं आणि मग म्हणाल्या, "पण म्यूझियम पाचला बंद होतं गं, माणसं घरी जातात."

एका ऑक्टोबरात त्या निघाल्याच. हे मला पुढं कितीतरी दिवसांनी कळलं, तेही शेजारच्या फ्राउ हिनरिक्सकडून. दिवाळीच्या तोंडावर, मी पुण्याला गेले होते तेव्हा. भांडण कशावरून झालं ते काकूंनी कधी सांगितलं नाही. मला वाटतं, कशावरूनच झालं नसेल. सकाळी काकूंनी बॅग भरली, हिरवी पैठणी नेसल्या, वर कोट चढवला आणि दार लावून निघाल्या. आता त्या गावाची रचना लक्षात घ्या. सगळी घरं आत तोंड करून. बॅगेची चाकं दगडी वाटेवरून खडखडत अंगण ओलांडताना एकूण एक खिडकीतून दिसत होती. कुणी बाहेर आलं नाही. काकू त्या एकुलत्या रस्त्यानं गावाबाहेर गेल्या आणि बसच्या थांब्यावर जाऊन बसल्या.

बस आली नाही. शाळेला शरदाची सुट्टी लागलेली होती. गावातल्या पोरासोरांना माहीत होतं, काकूंना नव्हतं. कारण त्यांच्या घरात शाळेत जाणारं होतंच कोण?

दुपारी केव्हातरी फ्राउ हिनरिक्स थर्मास घेऊन गेली. ही बाई सत्तरीची, आडदांड, फारसं न बोलणारी. ती काकूंच्या शेजारी बाकावर बसली, दोघींनी कॉफी घेतली. मग ती म्हणाली, "माझी गाडी आहे. कुठं सोडू?"

आणि काकू मनात एकेक पत्ता आठवू लागल्या. मी पुण्यात. मुलाकडे जावं तर तो पहिला फोन बापाला लावणार. हॅनोव्हरच्या मैत्रिणींकडे कुणाकडे दिवाळीचे पाहुणे, कुणाकडे बाळंतीण. लेकीसारख्या म्हणवणाऱ्या आम्ही सगळ्या, आणि ऐन वेळी त्या बाईला एक पत्ता सांगता आला नाही! मला हे आठवलं की आजही स्वतःचीच चीड येते. शेवटी फ्राउ हिनरिक्सनं बॅग उचलून गाडीत ठेवली आणि काकूंना परत घरी आणून सोडलं.

काकांनी रात्रीच्या जेवणाला विचारलं, "बस नव्हती का?"

"नव्हती."

"भात घे अजून."

हे मला काकूंनी स्वतः सांगितलं, मी खूप खोदून विचारल्यावर. "भात घेतलात?" मी म्हटलं. "घेतला. भूक लागली होती मेली." आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की शेवटी डोळे पुसावे लागले.

त्यानंतरच्या वर्षी काका शिडीवरून नव्हे, आपल्या खुर्चीतून पडले. झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. महिनाभरानं थोडी परत आली ती फक्त मराठी, तीही दोन-दोन शब्दांची. चाळीस वर्षं ज्या भाषेत नोकरी केली, मीटिंगा घेतल्या, त्या गोल गावाचा इतिहास सांगितला, तिच्यातला एक शब्द तोंडातून येईना. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की नंतर शिकलेली भाषा पुसली जाते असं कधी कधी होतं. जर्मन नर्स काही बोलली की काका शून्य नजरेनं बघत राहायचे. मग काकू मराठीत सांगायच्या तेव्हा मान हलवायचे. आम्ही सगळे धरूनच चाललो की त्यांना जर्मन कळत नाही.

आता काकूंच्या फेऱ्या पण बंद झाल्या. बाकावर मटार नाही, पर्स नाही, कुणाच्या गाडीत बसणं नाही. काकांना उठवायचं, बसवायचं, भरवायचं. दगडगोट्यांच्या जमिनीवर चाकाची खुर्ची अडकायची. बाथरूमचा उंबरा काढायचा तर पुन्हा अर्ज. मी महिन्यातून एकदा जायचे, तांदूळ, डाळी, गरम मसाला घेऊन. प्रत्येक वेळी काकू थोड्या लहान झालेल्या दिसायच्या. एकदा म्हणाल्या, "आधी गावानं धरलं होतं, आता यांनी. गावाला निदान शिव्या घालता यायच्या."

मग उन्हाळ्यात हॅनोव्हरमधून कळलं, की म्हाताऱ्या माणसांसाठी मदतनीस असलेल्या एका इमारतीत जागा रिकामी होते आहे. दोन खोल्या, लिफ्ट, खाली बाजार. काकूंनी कधीचं नाव घालून ठेवलं होतं, कुणाला न सांगता. सप्टेंबरअखेर हो की नाही कळवायचं. पण जुनं घर विकल्याशिवाय तिथं जाणं परवडणारं नव्हतं. काकांना विचारलं की एकच शब्द यायचा. "नाही." तो मात्र स्पष्ट यायचा.

पुढं काय झालं ते आताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. घर विकलं गेलं. काका-काकू हॅनोव्हरला आले. दुसऱ्या हिवाळ्यात काका गेले. काकू मग पुण्याला बहिणीकडे गेल्या, आणि गेल्या महिन्यात तिथंच त्यांनी डोळे मिटले. बातमी आली त्या दिवशी मंडळाच्या एका हळदीकुंकवात कुणीतरी बोललंच. "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण आजारी नवऱ्याला फसवून घर विकलं हो त्यांनी. त्या धक्क्यानंच गेले ते." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी हातातली वाटी ठेवली आणि निघून आले. कारण त्यांनी फसवलं हे अगदी खरं आहे. मी तिथं होते. पण पुढचं या बायकांना माहीत नाही.

सप्टेंबरात एका रविवारी जर्मनीत जुन्या वास्तू लोकांना बघायला उघड्या ठेवतात. काका दर वर्षी त्या दिवशी जाकीट घालून दारात उभे राहायचे आणि घर दाखवायचे. त्या वर्षी ते होणार नाही असं आम्ही गृहीत धरलं होतं. पण आदल्या आठवड्यापासून काका डाव्या हातानं कपाटाकडे बोट करायला लागले. जाकीट हवं होतं. काकू वैतागल्या, "अहो, बोलणार कोण?" काकांनी स्वतःकडे बोट केलं, मग काकूंकडे.

तर असं ठरलं. काका चाकाच्या खुर्चीत, दालनाच्या मधोमध, जाकीट घालून. ते मराठीत सांगणार आणि शेजारी उभ्या राहून काकू जर्मनमध्ये. फ्राउ हिनरिक्सनं केक आणले होते. मी कॉफीच्या किटलीवर. माझी भूमिका एवढीच.

सकाळपासून लोक येत होते. काका म्हणायचे, "ओक. सगळा." आणि काकू सुरू व्हायच्या: हे लाकूड कुठल्या रानातलं, कसं ओलं असतानाच जोडलं, खुंट्या कशा मारल्या, गुरं कुठं, चारा कुठं, म्हातारी आजी कुठल्या कोनाड्यात झोपायची. काका दोन शब्द, काकू दोनशे. लोक रंगून ऐकत होते. इतकी वर्षं शिव्या घालत घालत बाईनं सगळं ऐकून ठेवलं होतं. मधेच माझ्याजवळ येऊन त्या पुटपुटल्या, "मेलं, पाठच झालंय सगळं." आणि घोटभर कॉफी पिऊन परत गेल्या.

दुपारी हॅम्बुर्गचं एक जोडपं आलं. चाळिशीची दोघं. ती कुंभारकाम करणारी, तो शाळेत शिक्षक. फार बोलत नव्हती. तिनं दाराच्या खांबाला हात लावला आणि तसाच ठेवला, बराच वेळ. सगळं बघून झाल्यावर ती काकांपुढे येऊन उकिडवी बसली, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर, आणि म्हणाली, "माफ करा, विचारू नये कदाचित. पण हे घर तुम्ही कधी द्यायचं म्हणालात, तर आम्हाला सांगाल?"

काकू मराठीत म्हणाल्या, "अहो, विचारतायत, घर विकणार का."

"नाही," काका म्हणाले. मग श्वास घेऊन, एकेक शब्द ओढून काढत, "इथंच. मरेपर्यंत."

काकूंनी काकांकडे पाहिलं नाही. त्या बाईकडे पाहिलं आणि स्वच्छ जर्मनमध्ये, एकही चूक न करता म्हणाल्या, "माझे यजमान म्हणतात, चांगली माणसं मिळाली तर देऊन टाकू. या महिन्यातच."

माझ्या हातात किटली होती. त्या दालनात तेव्हा दोन्ही भाषा कळणारी, काकू सोडून, मी एकटीच होते. निदान मला तसं वाटत होतं. मी तोंड उघडलं नाही, आणि त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण भीती वाटली. काकूंच्या कानशिलावरची शीर उडताना मला दिसत होती. हॅम्बुर्गची बाई नवऱ्याकडे बघून रडायच्या बेतात आली होती.

काकांनी मान वळवली. त्यांना मान वळवायला वेळ लागायचा. काकूंकडे बघत राहिले. मी इतक्या वर्षांत त्यांना भिंतीकडे, छपराकडे, तुळईकडे असं बघताना पाहिलं होतं, काकूंकडे कधी नाही.

"नलू."

"काय?" काकूंचा आवाज फाटला.

"त्यांना... सांग." डावा हात वर गेला, मोठ्या दाराच्या वर, जिथं फळ्यांमध्ये हातभर मोकळी जागा होती तिकडे. "ती फट... बुजवू नका. एप्रिलात..." पुढचा शब्द येईना. दोनदा तोंड उघडलं, मिटलं. मग बोटांनीच पंख हलवून दाखवले, आणि शब्द आला. "पाकोळ्या. येतात. घरटी आत."

काकू हलल्या नाहीत. त्यांना कळलं होतं. त्यांनी सांगितलेलं खोटं काकांनी ऐकलं होतं, समजून घेतलं होतं, आणि त्यावर पुढचं बोलत होते. घर देऊन मोकळे झाले होते ते.

"काय म्हणतात?" हॅम्बुर्गच्या बाईनं हळूच विचारलं.

काकू त्या बाईकडे वळल्या. मग सांगायला लागल्या. शब्दन् शब्द, सावकाश, काका जिथं थांबले होते तिथं थांबत. दारावरची ती फट बुजवू नका. एप्रिलात पाकोळ्या येतात. घरटी आत करतात. त्या बाईनं वर पाहिलं, तिच्या नवऱ्यानंही पाहिलं, आणि दोघांनी मान डोलावली.

काकूंनी कोटाच्या बाहीनं नाक पुसलं. "आणि खाली वर्तमानपत्र घालून ठेवा," त्या म्हणाल्या. "फार घाण करतात." हे मात्र त्यांचं स्वतःचं होतं. काकांनी हे सांगितलं नव्हतं.

"गेनाऊ," काका म्हणाले. अगदी बरोबर. झटक्यानंतर त्यांच्या तोंडून आलेला तो पहिला जर्मन शब्द.

काकू त्यांच्या खुर्चीपाशी, त्या दगडगोट्यांच्या जमिनीवरच खाली बसल्या आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. काकांचा डावा हात हळूहळू खाली आला, अंबाड्याच्या जाळीवर. मी पाहुण्यांना कॉफी घ्यायला बाहेर अंगणात नेलं.